‘ये’ आणि ‘ये ना’ यांमधलं अंतर : रोजच्या जर्मनमधल्या निपातांचा आढावा

‘एअर कॉम्ट हॉयटं निष्ट.’ तो आज येत नाही. चार शब्दांचं हे जर्मन वाक्य शिकणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जमतं. आता त्यात एकेक लहानसा शब्द घालून पाहू. ‘एअर कॉम्ट या हॉयटं निष्ट’ म्हटलं की ‘तुला माहीतच आहे, तो आज येत नाही’ असं होतं. ‘या’च्या जागी ‘डोख’ आला की ‘अरे, तो आज येत नाही ना!’ अशी आठवण दिली जाते. ऐकणारा ते विसरून त्याचंही पान मांडत असावा. ‘व्होल’ आला की बातमीचा अंदाज होतो : आज काही तो येत नाहीसं दिसतंय. आणि ‘हाल्ट’ आला की सुस्कारा ऐकू येतो : नाही येत, त्याला काय करणार! येण्या-न येण्याची माहिती चारही वाक्यांत तीच आहे. बदलतं ते बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याबद्दल मनात धरलेलं गृहीत.

जर्मन माणसाच्या रोजच्या बोलण्यात असे साधारण पंधरा-वीस शब्द सतत येत असतात. जर्मन व्याकरणात त्यांना ‘मोडालपार्टिकल्न’ किंवा ‘आबट्योनुंग्सपार्टिकल्न’ म्हणतात. दुसऱ्या नावामागे रंगाची छटा हलकी किंवा गडद करण्याची कल्पना आहे. मराठीत त्यांच्यासाठी ‘निपात’ हा आपल्याकडचा जुना शब्द मी वापरतो. तो का, ते पुढे येईलच. जर्मन उच्चार इथे देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत. ‘डोख’मधला ‘ख’ मात्र उर्दूतल्या ‘ख़’सारखा घशातून घासून काढायचा.

या आढाव्यात मला मांडायचं आहे ते असं : दोन माणसांमध्ये काय ठरलेलं आहे, कोण काय विसरलं आहे, कुणाची काय अपेक्षा आहे, याचा हिशेब जर्मन भाषा या छोट्या शब्दांत ठेवते. ‘ना’, ‘की’, ‘च’, ‘तर’, ‘मग’ यांच्यात वाढलेल्या मराठी माणसाला तो हिशेब इंग्रजीच्या वाटेने जाण्यापेक्षा मराठीच्या वाटेने लवकर कळतो.

ओळखायचे कसे?

या शब्दांची पहिली अडचण ही, की त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला जुळा भाऊ आहे. ‘या’ म्हणजे हो, ‘आबर’ म्हणजे पण, ‘फिलाइष्ट’ म्हणजे कदाचित, ‘शोन’ म्हणजे आधीच, ‘रूइष’ म्हणजे शांत, ‘ब्लोस’ म्हणजे उघडा किंवा फक्त, ‘एबन’ म्हणजे सपाट किंवा आत्ताच. शब्दकोशात हे अर्थ आधी भेटतात आणि शिकणारा तेच धरून बसतो. मग ‘डास वार फिलाइष्ट आइन टाक!’ हे वाक्य त्याला ‘तो कदाचित एक दिवस होता’ असं ऐकू येतं. बोलणाऱ्याला मात्र म्हणायचं असतं, ‘काय दिवस होता म्हणून सांगू!’

निपात म्हणून आलेला शब्द वेगळा काढायला काही खुणा आहेत. त्याच्यावर सहसा आघात नसतो. तो वाक्याच्या आरंभी बसत नाही; ‘फिलाइष्ट’ पुढे आणून ठेवला की तो लगेच ‘कदाचित’ होतो. एकट्या निपाताने प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्याला नकार लावता येत नाही, आणि दोन निपात ‘उंट’ म्हणजे ‘आणि’ने जोडता येत नाहीत. तो काढून टाकला तरी वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं आणि त्यातल्या माहितीचं खरेखोटेपण बदलत नाही.

त्याची जागाही ठरलेली आहे. जर्मन विधानात मुख्य क्रियापद दुसऱ्या स्थानी येतं, क्रियापदाचा उरलेला भाग अगदी शेवटी जातो आणि या दोन खांबांमध्ये बाकीचं वाक्य मावतं. निपात राहतो तो या मधल्या दालनात. ‘इष हाबं डीअर डास डोख गेस्टर्न गेझाक्ट’, म्हणजे ‘मी तुला ते काल सांगितलं होतं ना’, या वाक्यात ‘मी’, ‘तुला’, ‘ते’ ही आधीच ओळखीची मंडळी ‘डोख’च्या अलीकडे आहेत आणि ज्यावर जोर द्यायचा ते ‘काल सांगितलं’ पलीकडे. जुनं आणि नवं यांच्या सीमेवर तो उभा असतो.

शेवटची खूण म्हणजे वाक्यप्रकाराशी असलेलं त्याचं नातं. ‘डेन’ प्रश्नातच येतो. ‘एटवा’ हो-नाही प्रश्नात येतो. ‘रूइष’ परवानगी देताना येतो. आघातहीन ‘या’ विधानात आणि उद्गारात राहतो, प्रश्नात पाऊल टाकत नाही. वाक्य विधान आहे, प्रश्न आहे की आज्ञा आहे, हे कळल्याशिवाय निपाताचा अर्थ लागत नाही.

उपेक्षेपासून अभ्यासापर्यंत

एवढे काटेकोर नियम पाळणारे हे शब्द फार काळ निरुपयोगी मानले गेले. जर्मन शाळांत त्यांना ठिगळाचे शब्द, भरतीचे शब्द अशी नावं होती आणि निबंधातून ते खोडले जात. १९४०च्या दशकात आलेल्या शैलीवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लुडविग रायनर्स यांनी तर त्यांना भाषेच्या लोकरीत शिरलेल्या उवांची उपमा दिली. कारण उघड आहे. व्याकरणाचा साचा लॅटिनवरून आलेला होता आणि शैलीचा आदर्श छापील पान हा होता. छापील पानावर वाचक समोर नसतो. जो समोर नाही त्याच्याशी हिशेब कसला ठेवायचा? कायदे, अहवाल, बातम्या यांत हे शब्द आजही फारसे दिसत नाहीत. दोन माणसं बोलू लागली की त्यांची गरज लागते.

चित्र बदललं ते १९६०च्या दशकात. अलेक्सेई क्रिव्होनोसोव्ह या रशियन अभ्यासकाने १९६३ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये या शब्दांवर प्रबंध लिहिला. तो पुस्तकरूपाने यायला १९७७ उजाडलं. १९६९ मध्ये हाराल्ड वाइट यांचं पुस्तक आलं. जर्मन निपात आणि त्यांची फ्रेंच प्रतिरूपं असा त्याचा विषय होता, आणि छटा देणारे शब्द हे नाव रूढ झालं ते त्यातूनच. जर्मनमध्ये जे काम हे शब्द करतात ते फ्रेंचला बहुतेक वेळा वेगळ्याच साधनांनी करावं लागतं, हे वाइट यांनी उदाहरणं समोरासमोर ठेवून दाखवलं. बोलणं ही एक कृती आहे, हा विचारही तेव्हाच जोर धरत होता. ऑस्टिन यांची व्याख्यानं १९६२ मध्ये आणि सर्ल यांचा वाक्कृतींवरचा ग्रंथ १९६९ मध्येच प्रकाशित झाला होता. बोलणारा शब्दांनी काय करतो, हा प्रश्न मध्यावर आला तसे हे शब्दही मध्यावर आले.

त्यानंतर काम वाढत गेलं. १९८३ मध्ये वाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्यांसाठी निपातांचं छोटेखानी पाठ्यपुस्तक काढलं. एल्के हेंट्शेल यांनी १९८६ मध्ये ‘या’, ‘डोख’, ‘हाल्ट’ आणि ‘एबन’ यांचं कार्य आणि इतिहास तपासला. गेरहार्ड हेल्बिश यांचा निपातांचा कोश १९८८चा. पुढच्याच वर्षी मारिया टुर्माइर यांनी निपात एकमेकांशी कसे जोडले जातात याचा सविस्तर अभ्यास दिला. १९९७ मध्ये गाब्रिएले डीवाल्ड यांनी त्यांना थेट व्याकरणाच्या घरात जागा मागितली. खोडून टाकण्याच्या शब्दांचं तीस वर्षांत एक शास्त्र उभं राहिलं.

ही उपेक्षा आपल्याला परकी वाटू नये. यास्कांच्या निरुक्तात पदांचे चार वर्ग आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. नाना अर्थांवर येऊन पडतात म्हणून ते निपात. त्यातले काही निपात मात्र यास्कांनी नुसते पदपूरणासाठी, म्हणजे चरण भरण्यासाठी, आलेले मानले. आपल्या शालेय व्याकरणातही ‘व्यर्थ उद्गारवाची’ असा एक वर्ग भेटतो, आणि ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ हे शब्द त्यात टाकलेले असतात. ‘तो परवा मुंबईला गेला’ आणि ‘तो परवा मुंबईला गेला म्हणे’ यांत फरक नाही, असं कोणता मराठी माणूस म्हणेल? दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने बातमीची जबाबदारी आपल्या खांद्यावरून उतरवून ठेवली आहे. जो शब्द एवढं काम करतो त्याला व्यर्थ म्हणणं अन्यायाचं आहे. जर्मन निपातांचा अभ्यास आपल्याला आपल्या घरातल्या या अन्यायाकडेही पाहायला लावतो.

‘या’ आणि ‘डोख’ : सामायिक गोष्टींचे राखणदार

सगळ्या निपातांत ही जोडी सर्वात महत्त्वाची. ‘या’ म्हणजे : हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, किंवा डोळ्यांसमोर आहे. पावसातून आलेल्या मैत्रिणीला दार उघडून जर्मन बाई म्हणते, ‘डू बिस्ट या गान्त्स नास!’ आपण म्हणतो, ‘अगं, तू तर चिंब भिजलीस की!’ ती भिजली आहे ही बातमी तिला द्यायची नसते. दोघी मिळून ते पाहताहेत, एवढंच त्या ‘या’ने आणि आपल्या ‘की’ने सांगितलं जातं.

म्हणूनच ‘या’ चुकीच्या जागी पडला की ऐकणारा गोंधळतो. नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला ‘इष बिन या आर्त्स्ट’, म्हणजे ‘मी डॉक्टरच आहे ना, तुम्हाला माहीत आहेच’, असं सांगितलं तर तो विचारात पडेल : मला हे कधी माहीत होतं? जे सामायिक नाही ते सामायिक असल्यासारखं मांडलं गेलं.

‘डोख’ही सामायिक गोष्टीकडेच बोट दाखवतो. मात्र समोरचा तिच्याकडे दुर्लक्ष करतो आहे, असं बोलणाऱ्याला वाटत असतं. ‘डास वाइस्ट डू डोख’ : तुला माहीत आहे ना ते! ‘डू कॉम्स्ट डोख?’ : तू येतोयस ना? ‘कॉम डोख!’ : ये ना! ही तीन वाक्यं मराठीत करताना तिन्ही वेळा आपल्या हाताला ‘ना’च लागला, हे मला फार मोलाचं वाटतं. आठवण देणं, खात्री करून घेणं आणि आग्रह करणं ही कामं वरवर पाहता निरनिराळी आहेत, तरी एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना ती एकाच शब्दाखाली आणावीशी वाटली. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : समोरच्याच्या मनात किंवा वागण्यात थोडी उलट ओढ आहे आणि ती मला सौम्यपणे सरळ करायची आहे.

‘डोख’ची दोन कामं मात्र ‘ना’ला झेपत नाहीत. नकारार्थी प्रश्नाला होकारी उत्तर देताना जर्मन माणूस जोर देऊन नुसतं ‘डोख!’ म्हणतो; हा खरं तर निपात नव्हे, त्याचा जुळा भाऊ. ‘तू येणार नाहीस?’ ‘डोख!’ तिथे आपण ‘येणार तर!’ म्हणतो. आणि हळहळ व्यक्त करताना ‘वेरं एअर डोख हीअर!’ याचं मराठी होतं ‘तो इथे असता तर!’ दोन्हीकडे ‘तर’ धावून येतो. जर्मनचा एक ‘डोख’ मराठीने ‘ना’ आणि ‘तर’ यांच्यात वाटून घेतला आहे.

प्रश्नातले निपात : ‘डेन’, ‘आयगेंटलिश’, ‘एटवा’

बागेत भेटलेल्या लहान मुलाला जर्मन आजी विचारते, ‘वी हाइस्ट डू डेन?’ कचेरीतला कारकून अर्ज भरून घेताना विचारतो, ‘वी हाइसन झी?’ दोघांनाही नावच हवं आहे. आजीच्या ‘डेन’मुळे तिचा प्रश्न समोरच्या प्रसंगातून, त्या मुलाला पाहून उगवल्यासारखा वाटतो. कारकुनाचा प्रश्न रकान्यातून आलेला असतो. बोलीत ‘डेन’ इतका रुळलेला आहे, की घरगुती गप्पांत त्याच्याशिवाय एकामागून एक प्रश्न विचारले तर चौकशी चालल्यासारखं वाटू लागतं. ‘डेन’ म्हणजे आपला ‘मग’ किंवा ‘काय रे’, ‘काय गं’ : ‘काय रे, नाव काय तुझं?’

‘आयगेंटलिश’ बोलण्याला नवं वळण देतो. तासभर गप्पा झाल्यावर ‘वी हाइस्ट डू आयगेंटलिश?’ असं विचारलं तर त्याचा भाव ‘अरे हो, तुझं नाव विचारायचंच राहिलं’ असा होतो. ‘एटवा’मध्ये धास्ती असते : ‘हास्ट डू डास एटवा फेअरगेसन?’ म्हणजे ‘विसरलास की काय?’ इथे ‘की काय’ इतका नेमका बसतो की आणखी स्पष्टीकरण लागत नाही. उत्तर ‘नाही’ यावं अशी विचारणाऱ्याची इच्छा दोन्ही भाषांत त्या इवल्याशा जागेत मावते.

आज्ञा मऊ करणारे आणि कडक करणारे

‘कॉम हेअर!’ म्हणजे ‘इकडे ये!’ त्यात ‘माल’ घातला की ‘जरा इकडे ये’ होतं. ‘माल’ काम छोटं करून दाखवतो : फार वेळ लागणार नाही, फार कष्ट पडणार नाहीत. दुकानात, कचेरीत, घरात कुणाला काही करायला सांगताना हा शब्द हटकून येतो. ‘डोख माल’ अशी जोडी झाली की त्यात आग्रह आणि सौम्यपणा दोन्ही येतात. ‘रूइष’ संकोच दूर करतो : ‘फ्रागन झी रूइष!’ म्हणजे ‘खुशाल विचारा!’

उलट बाजूला ‘ब्लोस’ आणि ‘नूर’ आहेत. ‘फास डास ब्लोस निष्ट आन!’ हे ‘खबरदार हात लावशील तर!’च्या जवळचं आहे. आज्ञेत आघात घेऊन आलेला ‘या’सुद्धा दम भरतो : ‘कॉम या निष्ट त्सू श्पेट!’, उशीर करायचा नाही, सांगून ठेवतोय. प्रश्नात गेला की ‘ब्लोस’ बोलणाऱ्याची घालमेल दाखवतो. ‘वो इस्ट ब्लोस माइन श्लुसल?’ म्हणजे ‘किल्ली गेली तरी कुठे!’ तिथे आपल्या मदतीला ‘तरी’ येतो.

स्वीकार, दिलासा, अंदाज

‘हाल्ट’ आणि ‘एबन’ हे सांगतात की या गोष्टीला इलाज नाही, ती मान्य करायची. ‘डास इस्ट हाल्ट झो.’ चालायचंच! मराठीत एका ‘च’ने ती चर्चा तिथे संपते, तशीच जर्मनमध्ये ‘हाल्ट’ने.

‘शोन’ दिलासा देतो. ‘डास विर्ट शोन’ म्हणजे ‘होईल की सगळं नीट’. त्यात एक शंका गृहीत धरलेली असते आणि ती बाजूला सारलेली असते. ‘डास श्टिम्ट शोन, आबर…’ म्हणजे ‘ते खरंय म्हणा, पण…’. अर्धं मान्य करून उरलेल्या अर्ध्यासाठी जागा ठेवायची. आणि ‘वेअर विल डास शोन?’ या प्रश्नात उत्तर आधीच दिलेलं आहे : कुणाला हवंय ते! ‘व्होल’ अंदाजाचा. ‘एअर इस्ट व्होल क्रांक’, आजारी असावा तो. मराठीत हे काम क्रियापदाच्या रूपावर सोपवलेलं आहे. ‘असावा’, ‘असेल’ म्हटलं की निपाताची गरज उरत नाही.

आश्चर्याच्या छटा वेगळ्या करायला एक सोपी जोडी पुरते. कॉफीचा घोट घेऊन ‘डेअर काफे इस्ट या हाइस!’ म्हटलं तर ती गरम असेल असं वाटलंच नव्हतं. ‘डेअर काफे इस्ट आबर हाइस!’ म्हटलं तर गरम असणार हे ठाऊक होतं, इतकी गरम असेल याची कल्पना नव्हती. ‘या’ वस्तुस्थितीचं आश्चर्य दाखवतो, ‘आबर’ प्रमाणाचं. खूप दिवसांनी भेटलेल्या भाच्याला जर्मन मामा ‘आबर’ घालून म्हणतो ते आपलं ‘केवढा मोठा झालास रे!’

एकामागून एक

निपात एकटे येतात तसे दोघे-तिघे मिळूनही येतात, आणि तेव्हा त्यांचा क्रम ठरलेला असतो. ‘डोख माल’ होतं, ‘माल डोख’ होत नाही. ‘या डोख’ होतं, ‘डोख या’ होत नाही. ‘डेन आयगेंटलिश’मध्ये ‘डेन’ आधी. ‘वास विल्स्ट डू डेन आयगेंटलिश?’ म्हणजे ‘मग तुला हवंय तरी काय?’ ‘या’ आणि ‘डेन’ मात्र कधी भेटत नाहीत, कारण एक विधानात राहतो आणि दुसरा प्रश्नात. जर्मन मुलाला हा क्रम कुणी शिकवत नाही, तरी त्याची चूक होत नाही. ज्या शब्दांना इतकी शिस्त आहे ते भरतीचे असणं शक्य नाही, हे टुर्माइर यांच्यासारख्या अभ्यासातून ठामपणे समोर आलं.

कुठून आले, कुठे राहतात

या शब्दांचा भूतकाळ रंजक आहे. ‘डेन’ आणि ‘डान’, म्हणजे ‘त्यानंतर’, हा मुळात एकच शब्द; दोघांची कामं पुढे वेगळी झाली. ‘माल’ हा ‘आइनमाल’चा, म्हणजे ‘एकदा’चा, झिजलेला अवशेष. ‘शोन’ निघाला ‘श्योन’ म्हणजे सुंदर या शब्दापासून. ‘फिलाइष्ट’ पूर्वी ‘फार सहज’ असा होता. ‘हाल्ट’चा थांबण्याशी संबंध नाही, प्राचीन जर्मनमधल्या ‘उलट, अधिक’ अशा अर्थाच्या शब्दाचा तो वंशज. जगातल्या वस्तूंविषयी बोलणारे शब्द हळूहळू बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या नात्याविषयी बोलू लागले.

मराठीतही हाच प्रवास घडला आहे. ‘मग’ हा ‘त्यानंतर’चा शब्द ‘काय मग, कधी आलात?’मध्ये काळ दाखवायचं सोडून गप्पांचं दार उघडतो, अगदी ‘डेन’सारखा. ‘खुशाल’ फारसीतून ‘आनंदात असलेला’ हा अर्थ घेऊन आला आणि शांततेच्या ‘रूइष’प्रमाणे परवानगीचा शब्द झाला. ‘जरा’च्या मुळाशी अरबीतला ‘कण’ आहे, आणि जर्मन व्याकरणातल्या ‘पार्टिकल’ या संज्ञेचा मूळ अर्थही तोच, लहानसा भाग.

भूगोलानुसारही ते बदलतात. ‘हाल्ट’ मूळचा दक्षिणेचा. उत्तरेत आणि मध्य जर्मनीत ‘एबन’ची सत्ता होती. युर्गन आइशहॉफ यांच्या १९७७पासून निघालेल्या बोली जर्मनच्या शब्दनकाशात ही वाटणी दिसते. पुढे श्टेफान एल्स्पास आणि रोबर्ट म्योलर यांनी रोजच्या जर्मनचा जो नकाशासंग्रह सुरू केला, त्यात ‘हाल्ट’ उत्तरेकडे पसरल्याचं दिसतं. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात ‘ए’ आहे : ‘ते मला ए माहीत आहे’, म्हणजे माहीतच आहे, सांगायची गरज नव्हती. बव्हेरियाच्या आणि फ्रांकेनच्या बोलीत ‘फाय’ आहे, आपल्या ‘बरं का’च्या फार जवळचा. सीमेपलीकडे डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या भगिनीभाषांतही असे शब्द भरपूर आहेत. जर्मन यात एकटी नाही.

एक अर्थ की अनेक?

अभ्यासकांमधला सर्वात जुना वाद हा. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक निपाताला एकच गाभा आहे. बाकीच्या छटा वाक्यप्रकारातून आणि प्रसंगातून येतात. ‘डोख’चा गाभा म्हणजे उलट ओढ, आणि विधानात तिची आठवण होते, आज्ञेत आग्रह होतो. दुसरा पक्ष म्हणतो, हा गाभा इतका पातळ आहे की त्यातून प्रत्यक्ष वापर सांगता येत नाही. प्रत्येक वाक्यप्रकारातला ‘डोख’ वेगळा मोजावा. डीवाल्ड यांची मांडणी या वादाला नवी दिशा देते. निपात असलेलं वाक्य संभाषणातलं पहिलं वाक्य नसतं. आधी काहीतरी बोललं, पाहिलं किंवा गृहीत धरलं गेलं आहे आणि हे वाक्य त्याला जोडलेलं आहे, असं निपात सांगतो, असं त्यांचं म्हणणं. हे मला पटतं. दार उघडताक्षणी उच्चारलेल्या ‘डू बिस्ट या नास!’लाही आधीचं काही आहे : दोघींच्या समोरचा पाऊस. शिकणाऱ्यापुरतं बोलायचं तर समजून घ्यायला गाभा उपयोगी पडतो आणि बोलायला वाक्यांचे साचे. दोन्ही लागतात.

मराठीची वाट आणि तिच्या मर्यादा

पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनांत, महाविद्यालयांत आणि खासगी वर्गांत मराठी मुलं मोठ्या संख्येने जर्मन शिकतात. पहिल्याच पुस्तकातल्या संवादांत ‘डेन’ आणि ‘माल’ हजर असतात, पण शब्दार्थाच्या यादीत त्यांच्यापुढे फारसं काही लिहिलेलं नसतं. शिकवणं बहुधा इंग्रजीच्या आधाराने चालतं. इंग्रजी हे काम मुख्यतः सुरावर, वाक्याच्या शेपटीला जोडलेल्या छोट्या प्रश्नांवर आणि मोजक्या क्रियाविशेषणांवर सोपवते, त्यामुळे ‘डोख’समोर इंग्रजी प्रतिशब्द शोधणारा विद्यार्थी हात हलवत परत येतो. त्याच विद्यार्थ्याला ‘ये ना’ म्हणून दाखवलं की क्षणात उजेड पडतो.

अर्थात मराठी म्हणजे जर्मनची किल्ली नव्हे. आपला ‘ना’ वाक्याच्या शेवटी रेंगाळतो, ‘डोख’ मध्ये बसतो. आपल्या ‘रे’, ‘गं’, ‘हो’मध्ये समोरचा पुरुष की बाई, धाकटा की थोरला, सलगीचा की आदराचा हे सगळं येतं, जर्मन निपाताला यातलं काही ठाऊक नसतं, तो आजीला आणि नातवाला सारखाच लागतो. म्हणून जर्मन नाटक मराठीत आणताना प्रतिशब्द पुरत नाहीत. ब्रेख्टच्या नाटकांवरून खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं. अशा रूपांतरात कोण कुणाला ‘रे’ म्हणणार आणि कोण कुणाला ‘हो’, हे लेखकाला नव्याने ठरवावंच लागतं, कारण जर्मन संहितेत ते लिहिलेलं नसतं.

शिकणाऱ्यांना माझं सांगणं तीन गोष्टींचं. निपात सुटे पाठ करू नका, पूर्ण वाक्यं कानात साठवा. सुरुवात ‘माल’ आणि ‘डेन’पासून करा, ते चुकले तरी कुणी दुखावत नाही. आणि ‘डोख’, ‘या’ वरिष्ठांशी जपून वापरा. साहेबांना ‘इष हाबं इनन डास डोख गेझाक्ट’, म्हणजे ‘सांगितलं होतं ना मी तुम्हाला’, हे कोणत्याही भाषेत ठपका ठेवल्यासारखंच वाटेल.

हे सगळं बारकाव्याचं वाटेल, पण आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली परिचारिका म्हणून, कारागीर म्हणून, विद्यार्थी म्हणून जर्मनीत जाताहेत. कल्पना करा, रुग्णालयात एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून पाणी घेत नाहीत. ‘ट्रिंकन झी!’ हे शुद्ध वाक्य आहे, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील, आणि त्या खोलीत ते हुकूम ठरेल. ‘ट्रिंकन झी डोख माल आयनन श्लुक’ म्हटलं की तीच मुलगी जर्मनमध्ये तेच म्हणते, जे ती घरी आजोबांना म्हणत आली आहे : ‘घ्या ना, घोटभर घ्या.’